स्टॉप मोशनसाठी स्टोरीबोर्ड खरंच इतका डिटेल लागतो का? (कॉलेज प्रोजेक्ट)

निळी_शाई

नमस्कार. अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या वर्षाला आहे, या सेमला स्टॉप मोशनमध्ये (वस्तू थोडी थोडी हलवून एकेक फोटो काढत) एक छोटी फिल्म करायचीय आणि नियम असा की आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट्सची ओळीने काढलेली चित्रं, दाखवायचा, तो पास झाला की मगच शूट. गोष्ट माझ्या डोक्यात पक्की आहे. बुद्धिबळाच्या पटावर एक प्यादं एकेक घर पुढे सरकत शेवटच्या रांगेपर्यंत येतं, तिथे पोचलं की त्याचा वजीर होणार, सगळा पट त्याचीच वाट बघतोय, आणि त्याला वजीर व्हायचंच नाहीये. शिवाय खेळणारी दोन माणसं आहेत, ती मातीची करायचीत, त्यांचे चेहरे हलतील, दोघं चार वाक्यं बोलतील. एकूण ३ मिनिटं तरी होईल.

अडचण अशी की मला चित्रं काढायला वेळ लागतो, माणसांची तर फारच, आणि एकेक चौकट नीट काढत बसले तर अर्धा सेम त्यातच जाईल. मला वस्तू हातात घेतल्या की सुचतं, कागदावर नाही सुचत. तर स्टॉप मोशनमध्ये स्टोरीबोर्ड खरंच इतका तपशीलवार लागतो का, की दहाबारा चौकटी काढून मोकळं व्हावं आणि बाकीचं शूट करताना ठरवावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, मला ही फिल्म मनापासून चांगली करायचीय, नुसती सबमिट करायची म्हणून नाही.

कागदकात्री

गोष्ट आवडली. आणि पहिल्या फिल्मसाठी प्यादं हे पात्र निवडलंस ते तर फारच बरं केलंस, हात नाहीत, पाय नाहीत, आतमध्ये तारेचा सांगाडा नको, चालवायला नको, फक्त सरकवायचं, वळवायचं आणि कलतं करायचं. फाळक्यांनी १९१५ मध्ये नुसत्या आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती, तेव्हा चेहरा नसलेल्या वस्तूवर फिल्म उभी राहते की नाही याची काळजी तू करू नकोस.

आता स्टोरीबोर्डचं. तो चित्रकलेचा पेपर नाहीये गं. साध्या शूटिंगमध्ये एकच प्रसंग तीन बाजूंनी घेऊन ठेवतात आणि कुठला वापरायचा ते एडिटला बसल्यावर ठरवतात, स्टॉप मोशनमध्ये हे परवडतच नाही कारण चार सेकंदाच्या शॉटला अख्खी दुपार जाऊ शकते, आणि तोच शॉट दुसऱ्या बाजूने हवा असेल तर अख्खी दुपार परत. म्हणून आपल्याकडे एडिटिंग आधी होतं, शूट नंतर. कुठला शॉट कुठे सुरू होतो, कुठे तुटतो, किती सेकंद टिकतो हे सगळं कागदावरच ठरलेलं पाहिजे, त्याच्यासाठी चौकटी. चित्र किती देखणं आहे याला काही किंमत नाही, प्यादं म्हणजे त्रिकोणावर गोल, झालं. पण प्रत्येक चौकटीत चार गोष्टी दिसल्याच पाहिजेत: कॅमेरा किती जवळ, किती उंचीवर, प्यादं कुठल्या दिशेला जातंय (चौकटीच्या आत बाण काढ), आणि खाली सेकंद. आवाज असेल तर तोही खाली लिही. चौकटींचा आकार तुझ्या फिल्मच्या फ्रेमचाच ठेव, १६:९ असेल तर १६:९, नाहीतर कागदावर मावलेलं कॅमेऱ्यात मावत नाही.

आणि हे एका वहीत ओळीने काढू नकोस. सुट्या चिठ्ठ्यांवर काढ, भिंतीला लाव. स्टोरीबोर्डची पद्धत १९३० च्या दशकात डिस्ने स्टुडिओत रुळली ती अशीच, भिंतीला टाचलेली सुटी चित्रं, एक काढून दुसरं लावता येतं, मधलं उचलून शेवटी नेता येतं. तू म्हणतेस ना की हातात वस्तू असली की सुचतं, मग चिठ्ठ्या हातातच असतील की.

दुसरं म्हणजे हिशोब. सेकंदाला २४ फ्रेम्सची फिल्म आपण साधारणपणे 'टूज'वर करतो, म्हणजे एक फोटो दोन फ्रेम्स दिसतो, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. तुझी ३ मिनिटं म्हणजे २१६० फोटो. एका फोटोला सरासरी एकच मिनिट धरलं (सरावलेल्या हाताचं मिनिट म्हणतेय मी) तरी ३६ तास नुसतं हलवणं आणि क्लिक करणं, त्यात सेट लावणं, लाइट लावणं, चुकलेला शॉट परत घेणं धरलेलं नाही. तेच ४० सेकंद केलंस तर ४८० फोटो, ८ तास. ४० सेकंदात प्याद्याची गोष्ट बसते. मातीच्या पात्रांच्या फिल्म्स करणाऱ्या निक पार्कने 'अ ग्रँड डे आउट' शिकत असताना १९८२ मध्ये सुरू केली आणि ती पूर्ण झाली १९८९ मध्ये, इतका धीर त्याच्याकडे होता पण तुझ्याकडे एकच सेम आहे.

म्हणून माझं प्रामाणिक मत, ती दोन माणसं काढून टाक. चेहरे आणि संवाद आले की आधी आवाज रेकॉर्ड करायचा, मग कुठला उच्चार कुठल्या फ्रेमला येतो ते एक्स-शीटवर (फ्रेमवार तक्त्यावर) मांडायचं, मग त्या त्या उच्चाराची तोंडं बनवून बदलत बसायचं, हे सगळं एक वेगळंच शिक्षण आहे आणि तुझ्या गोष्टीला त्याची गरज नाही. माणूस लागलाच तर पटावर पडलेली हाताची सावली दाखव.

चिठ्ठ्या झाल्या की मोबाईलने प्रत्येकीचा फोटो काढ, कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये ओळीने लाव, चिठ्ठीवर लिहिलेत तेवढे सेकंद प्रत्येकीला दे, ठक ठक असा आवाज स्वतःच्या तोंडाने रेकॉर्ड करून खाली टाक. हा अ‍ॅनिमॅटिक. तो बघताना जिथे तुझी नजर स्क्रीनवरून उडते तिथे शॉट लांब आहे, तो काप. स्टोरीबोर्डर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यातही होतं, पण चिठ्ठ्या आणि मोबाईल पुरतो.

टेबललॅम्प

वरचं बहुतेक सगळं पटतंय, माणसं काढून टाक हे तर शंभर टक्के, पण क्रमाबद्दल माझं वेगळं मत आहे. जिने आजवर एकही वस्तू फ्रेम बाय फ्रेम हलवलेली नाही तिने सेकंद कशाच्या आधारावर लिहायचे? नवीन मुलं बोर्डवर 'प्यादं पुढे जातं, ४ सेकंद' असं लिहून मोकळी होतात, आणि एक घर ओलांडायला ४ सेकंद म्हणजे काय असतं ते शूट करताना कळतं, तोपर्यंत बोर्ड पास झालेला असतो आणि बदलायला कोणी धजावत नाही. म्हणून आधी एक संध्याकाळ नुसतं प्यादं हलव. गोष्ट नको, सेट नको, एक पट, एक प्यादं, मोबाईल स्टँडवर.

करायचं काय ते सांगतो. समजा घर ५ सेंटीमीटरचं आहे, म्हणजे ५० मिलिमीटर, आणि ते तुला एका सेकंदात ओलांडायचंय म्हणजे १२ फोटोंत. पहिल्यांदा सगळे सारखे तुकडे पाडून बघ, दर फोटोला साधारण ४ मिलिमीटर. प्यादं मशीनसारखं सरकेल, जीव वाटणार नाही. आता हेच असं कर: १, २, ३, ५, ७, ७, ७, ७, ५, ३, २, १. बेरीज ५० च येते, सेकंदही तोच, पण आता प्यादं निघताना जड निघेल, मध्ये वेग घेईल आणि घरात येताना अलगद थांबेल. कागदाच्या पट्टीवर या खुणा करून पट्टी फ्रेमच्या बाहेर पटाला चिकटव, म्हणजे दरवेळी मोजायला नको.

मग तिसऱ्यांदा कर आणि यावेळी निघायच्या आधी दोन फोटो प्यादं किंचित मागे कलू दे (बुडाखाली पोस्टर चिकटवायच्या पुट्टीचा छोटा गोळा ठेवला की हवं तसं कलतं राहतं), आणि थांबल्यावर दोन फोटो किंचित पुढे, मग सरळ. तीनही तुकडे एकामागे एक लावून बघ. तिसऱ्यात तुला कळेल की प्याद्याला मन आहे. डोळे, तोंड, भुवया काहीही न लावता.

हे हातातून गेलं की मग बोर्डला बस. तेव्हा '१ सेकंद' लिहिताना तुला त्यातले १२ फोटो दिसत असतील. अ‍ॅपचं म्हणशील तर मोबाईलवर स्टॉप मोशन स्टुडिओ पुरेसं आहे, ओनियन स्किन चालू ठेव म्हणजे आधीचा फोटो पुसट दिसत राहतो आणि प्यादं किती हललं ते डोळ्यासमोर असतं. स्टुडिओवाले ड्रॅगनफ्रेम नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, कॉलेजच्या लॅबला असेल तर शिकून घे, नसेल तर अडत काही नाही.

निळी_शाई

दोघांनाही खूप खूप थँक्यू, मी हे दोन्ही केलं. माणसं काढली, वाईट वाटलं पण काढली, आता फक्त हाताची सावली आहे. ते १, २, ३, ५, ७ वालं करून बघितलं आणि तिसरा तुकडा घरातल्यांना दाखवला तर सगळे म्हणाले हे घाबरलंय का? मी काहीच सांगितलं नव्हतं!

चिठ्ठ्या पण झाल्या, अ‍ॅनिमॅटिक ४५ सेकंदांचा आहे. दोन गोष्टी अडल्यात. एक, टेस्टमध्ये प्रकाश सारखा कमीजास्त होतोय, पूर्ण क्लिप लुकलुकते, मी खिडकीजवळ बसून केलं होतं. दोन, अ‍ॅनिमॅटिक बघताना मध्येच असं वाटतं की प्यादं परत मागे चाललंय, मी तर सगळीकडे पुढेच जाताना काढलंय. आणि शेवट अजून जमत नाहीये, प्यादं शेवटच्या घरात जातं आणि मान हलवून नाही म्हणतं असं काढलंय पण बघताना काही वाटत नाही.

बारा_फ्रेम्स

मागे चाललंय असं वाटतं ते कॅमेरा रेषेच्या पलीकडे गेल्यामुळे. प्याद्याच्या वाटेवर एक रेघ आहे असं समज, तू कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवलास तर प्यादं कायम डावीकडून उजवीकडे जाईल, मग जवळून घे, लांबून घे, वरून घे. एका शॉटला पटाच्या दुसऱ्या बाजूने बघितलंस की तेच प्यादं उजवीकडून डावीकडे जाताना दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं परत फिरलं. पलीकडे जायचंच असेल तर मध्ये एक शॉट अगदी समोरून घे, प्यादं थेट कॅमेऱ्याकडे येतंय, त्यात डावं उजवं नसतं, त्याच्यानंतर बाजू बदललेली खुपत नाही. पण तुझ्या फिल्ममध्ये तू बाजू बदलूच नयेस असं मला वाटतं आणि त्याचं कारण तुझ्या शेवटात आहे.

बुद्धिबळात प्यादं कधीच मागे जात नाही. घोडा जातो, हत्ती जातो, उंट, वजीर, राजा सगळे जातात, एकटं प्यादंच आहे ज्याला मागे यायची परवानगी नाही. आणि शेवटच्या घरात गेलं की त्याला प्यादं म्हणून राहताही येत नाही, नियमाने काहीतरी बनावंच लागतं. म्हणजे तुझं प्यादं शेवटच्या घरात जाऊन नाही म्हणतंय तेव्हा फार उशीर झालेला आहे, बुद्धिबळ येणाऱ्याला ते खोटं वाटतं आणि न येणाऱ्याला मान हलवणं म्हणजे काय ते कळत नाही. नकार एक घर आधी पाहिजे. ते शेवटून दुसऱ्या घरात थांबतं. सावलीचा हात त्याच्यावर येऊन थांबतो. आणि मग ते एक घर मागे येतं.

आता याला दिशेशी जोड. अख्ख्या फिल्ममध्ये सगळी हालचाल डावीकडून उजवीकडे, एकही अपवाद नाही, आणि पहिल्यांदा आणि एकदाच उजवीकडून डावीकडे, तीच तुझी गोष्ट. बुद्धिबळाचा ब न कळणाऱ्यालाही ते जाणवेल कारण ४० सेकंद त्याच्या डोळ्याला एकाच दिशेची सवय लागलेली असेल. म्हणून म्हणतो कॅमेरा रेघेच्या पलीकडे अजिबात नेऊ नकोस. हे तुला टेबलावर सापडलं नसतं, शॉट्स भिंतीवर शेजारी शेजारी लावल्यावरच बाण एका ओळीत दिसतात.

उंचीचा पण विचार कर. सुरुवातीला कॅमेरा वर, खेळणाऱ्याच्या नजरेतून, प्यादं सोळातलं एक. मग हळूहळू शॉटगणिक खाली, आणि मागे येतं तेव्हा कॅमेरा पटाला टेकलेला, प्याद्याच्या उंचीला, मागे वजीर आणि हत्ती इमारतींसारखे उभे. शॉट चालू असताना कॅमेरा हलवायचा नाही, फक्त शॉट बदलताना.

टेबललॅम्प

हा मागे येण्याचा शॉट फारच जबरदस्त होईल. त्याचं टायमिंग पुढे जाण्यासारखं ठेवू नकोस, पुढे १२ फोटो असतील तर मागे येताना २० तरी दे, सुरुवातीचे सातआठ फोटो अगदी अर्धा अर्धा मिलिमीटर.

लुकलुकण्याचं. खिडकी बंद, पडदा पूर्ण ओढलेला, दिवसाच्या उजेडाचा एक कवडसाही आत नको कारण ढग आला गेला की फोटो बदलतो. फक्त दिवे, आणि तेही एकदा लावले की शॉट संपेपर्यंत हात लावायचा नाही. मोबाईलचं एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक कर, ऑटोवर असेल तर तुझा हात फ्रेमजवळ आला तरी कॅमेरा प्रकाश बदलतो. एवढं करूनही लुकलुकलं तर स्वतःकडे बघ, म्हणजे अंगात पांढरा शर्ट असेल तर तोच उजेड परत फेकतो, गडद कपडे घाल आणि प्रत्येक क्लिकच्या वेळी एकाच जागी उभी राहा. सोंगट्या चकचकीत पॉलिशच्या असतील तर तूच त्यात हलताना दिसशील, शक्यतो मॅट फिनिशच्या घे. कॉलेजचा डीएसएलआर मिळाला तर त्याचा वेगळा त्रास, लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) दर क्लिकला मिटतं आणि प्रत्येक वेळी अगदी तेवढंच मिटत नाही, म्हणून हाताने अ‍ॅपर्चर फिरवायची जुनी मॅन्युअल लेन्स स्टॉप मोशनवाल्यांना आवडते.

आणि सगळं चिकटव. स्टँडचे पाय जमिनीला, पट टेबलाला, टेबल भिंतीला टेकव. फोन एअरप्लेन मोडवर, चार्जर लावून, क्लिक रिमोटने किंवा इअरफोनच्या बटणाने, स्क्रीनला बोट लावलं की फ्रेम हलते. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत वाटाणा लावून रोज त्याचं थोडं थोडं चित्रण करत त्याची वाढ दाखवली होती, ते जमलं याचं कारण कॅमेरा आणि कुंडी जागची हलली नाही, तंत्र तेव्हाही तेवढंच होतं.

निळी_शाई

मागे येण्याचं वाचून मी उठून सगळ्या चिठ्ठ्या परत लावल्या. बाण खरंच एका ओळीत दिसतात आणि शेवटचा उलटा! उद्या बोर्ड दाखवतेय. शूट कुठल्या शॉटपासून सुरू करू, पहिल्यापासून ओळीने ना? आणि ते थांबतं, हात पण थांबतो, तिथे मला तीन सेकंद पूर्ण शांतता हवीय, तिथे एकच फोटो लांबवला तर चालेल?

कागदकात्री

ओळीने नको. भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकदा कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे वेगळ्या कर, वरून घ्यायचे सगळे शॉट एकत्र, बाजूने घ्यायचे एकत्र, म्हणजे स्टँड आणि लाइट सारखे हलवावे लागणार नाहीत. त्यातही सोपा, मधला, कोणाच्या फार लक्षात न राहणारा शॉट आधी घे. पहिला शॉट आणि मागे येण्याचा शॉट हात बसल्यावर, साधारण काम अर्ध्यावर आलं की घे, अगदी शेवटी ठेवू नकोस कारण तेव्हा थकवा असतो आणि सबमिशनची घाई. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी सहा सहा फोटो काहीही न हलवता जास्तीचे घेऊन ठेव, एडिट करताना कापायला जागा राहते.

शांततेच्या तीन सेकंदांना एकच फोटो लांबवू नकोस. बाकी फिल्ममध्ये प्रत्येक फोटोत प्रकाशाचा, कणांचा बारीक फरक असतो, तो अचानक थांबला की फिल्म अडकली असं वाटतं, प्यादं थांबलं असं वाटत नाही. तेवढ्या वेळाचे फोटो खरोखर काढ, १२ गुणिले ३, छत्तीस, प्यादं अजिबात न हलवता, आणि त्यातल्या साधारण विसाव्या फोटोला सावलीचं एक बोट किंचित हलू दे. आवाज तिथे पूर्ण बंद ठेव, आणि प्यादं मागे सरकतं तेव्हा लाकडावर लाकूड घासल्याचा खरा आवाज रेकॉर्ड करून टाक, मोबाईल पटाच्या अगदी जवळ धरून.